राज्य कोणावर येते? : ब्राउझरमधील जुन्या व नव्या राष्ट्र-खेळांचा तौलनिक विचार

सारांश

आंतरजालावर ब्राउझरच्या साहाय्याने खेळल्या जाणाऱ्या, राष्ट्र चालविण्याच्या खेळांची परंपरा आता दोन दशकांहून अधिक जुनी झाली आहे. प्रस्तुत लेखात ‘नेशनस्टेट्स’ (२००२) हा जुना खेळ व ‘पॉलिटिक्स अँड वॉर’ (२०१४) हा त्यामानाने नवा खेळ यांची तुलना केली असून ‘सायबर नेशन्स’ (२००६) व ‘ई-रिपब्लिक’ (२००८) यांचा विचार मधल्या टप्प्यातील खेळ म्हणून केला आहे. या खेळांच्या नियमांत रयतेला कोणते स्थान आहे, हा तुलनेचा निकष होय. तो रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तील आरमारविषयक विवेचनावरून घेतला आहे. जुन्या खेळात रयतेला आवाज आहे, परंतु वजन नाही. नव्या खेळात रयत नियमांतून नाहीशी होते, आणि दुबळ्या खेळाडूच्या रूपाने परत येते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

कळीचे शब्द : राष्ट्र-खेळ, नियम, रयत, आज्ञापत्र, युती, राजकीय शिक्षण.

१. प्रस्तावना

मराठी मुलांच्या खेळांत ‘राज्य’ हा शब्द एका विलक्षण अर्थाने वापरला जातो. लपंडावात किंवा पकडापकडीत ज्याच्यावर ‘राज्य येते’ त्याला डोळे मिटून उभे राहावे लागते, इतरांच्या मागे धावावे लागते, आणि दुसऱ्याला बाद करीपर्यंत त्याची सुटका होत नाही. चकताना जो सुटतो तो आनंदाने उडी मारतो; जो उरतो त्याच्यावर राज्य येते. राज्य ही येथे मिळविण्याची वस्तू नसून अंगावर येणारी जबाबदारी आहे. प्रौढांच्या भाषेत मात्र राज्य मिळवले जाते, वाढवले जाते, गमावले जाते.

राष्ट्र चालविण्याचे जे खेळ आज महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या भ्रमणध्वनीवर व संगणकावर सहज उपलब्ध आहेत, त्यांत राज्य या दोन अर्थांपैकी कोणत्या अर्थाने येते, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या वयात नागरिकत्वाची जाणीव घडत असते त्या वयात ‘शासन म्हणजे काय’ याचे एक प्रारूप हे खेळ खेळणाऱ्याच्या हाती देतात. पाठ्यपुस्तक एकदा वाचून बाजूस ठेवले जाते; खेळातील राष्ट्राकडे मात्र रोज लक्ष द्यावे लागते. म्हणूनच या खेळांकडे करमणूक म्हणून दुर्लक्ष न करता संहिता म्हणून पाहणे आवश्यक ठरते.

२. व्याप्ती व निकष

खेळाचा आशय त्याच्या चित्रांत वा कथेत जितका असतो त्याहून अधिक त्याच्या नियमांत असतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वाचकास हे सांगण्यासाठी दूरचे उदाहरण नको. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकी बारा याप्रमाणे १२० पाने असतात. राजा व वजीर ही दोन पाने सर्वत्र वरची. परंतु निम्म्या रंगांत वजिराच्या खालोखाल दहाचे पान श्रेष्ठ, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का श्रेष्ठ मानला जातो. म्हणजे पानाचे मोल पानावरील ठिपक्यांनी नव्हे, तर नियमाने ठरते. अमेरिकन अभ्यासक इयन बोगोस्ट यांनी ‘पर्सुएसिव्ह गेम्स’ (२००७) या ग्रंथात हाच विचार संगणकीय खेळांना लावला. खेळ आपले म्हणणे शब्दांनी नव्हे, तर प्रक्रियेतून पटवून देतो, हे त्यांचे प्रतिपादन. त्यास ‘नियमांचे वक्तृत्व’ असे म्हणता येईल.

प्रस्तुत विवेचनासाठी निकष म्हणून ‘आज्ञापत्र’ हा ग्रंथ घेतला आहे. इ. स. १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेला आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेला हा ग्रंथ मराठीतील राजनीतीचा आद्य महत्त्वाचा ग्रंथ होय. त्यात दुर्ग, सावकार, वतनदार आणि आरमार यांचे स्वतंत्र विवेचन आहे. आरमारासाठी लाकूड लागते. आंबा व फणस यांचे लाकूडही उपयोगी पडते. तरीही या झाडांना हात लावू नये, असे तेथे बजावले आहे. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. ती तोडली तर तिच्या दुःखाला पारावार राहत नाही. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्यास राजी करून व मोबदला देऊन तोडावे, एवढीच मुभा.

ज्या किनाऱ्यावर १६६४ मध्ये सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली त्या किनाऱ्यावर या सूचनेचे महत्त्व निराळे सांगावयास नको. गलबत बांधणे हे राज्याचे काम आहे, आणि त्यासाठी लागणारा सोट कोणाच्या तरी परसातून येतो. हे दोन्ही एकाच वेळी ध्यानात ठेवणे म्हणजे शासन करणे, असा या विवेचनाचा इत्यर्थ आहे. तेव्हा पुढील प्रत्येक खेळास एकच प्रश्न विचारला आहे : गलबत बांधले जात असता झाडाचा धनी नियमांत कोठे दिसतो काय?

३. पूर्वपीठिका

राष्ट्र चालविण्याच्या संगणकीय खेळांचा उगम शाळेच्या वर्गात झाला, ही बाब उल्लेखनीय आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील मेबल अॅडिस या शिक्षिकेने आयबीएमच्या सहकार्याने विद्यार्थ्यांसाठी ‘सुमेरियन गेम’ लिहिला. त्यात विद्यार्थी लगाश या प्राचीन नगरराज्याचा अधिपती होत असे, आणि धान्यापैकी किती खाण्यास, किती पेरणीस व किती कोठारात ठेवावयाचे हे ठरवीत असे. त्या कल्पनेवरून १९६८ मध्ये डग डायमेंट यांनी लहानसा खेळ रचला. तो पुढे ‘हमुराबी’ या नावाने प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रचलित आवृत्तीत एका वर्षात ४५ टक्क्यांहून अधिक प्रजा उपासमारीने मेली, तर अधिपतीस पदच्युत केले जाते. रयत येथे केवळ संख्या आहे हे खरे. परंतु त्या संख्येला राज्य उलथविण्याचा अधिकार आहे. ब्राउझरमधील पुढील सर्व खेळ या अधिकाराचे काय करतात, हे पाहणे उद्बोधक ठरते.

४. ‘नेशनस्टेट्स’ : आवाज आहे, वजन नाही

ऑस्ट्रेलियन कादंबरीकार मॅक्स बॅरी यांनी नोव्हेंबर २००२ मध्ये ‘नेशनस्टेट्स’ हा खेळ आंतरजालावर आणला. ‘जेनिफर गव्हर्नमेंट’ या आपल्या आगामी कादंबरीची प्रसिद्धी हा त्यांचा हेतू होता. या खेळाची जडणघडण कादंबरीकाराची आहे, ती यामुळेच. खेळाडू राष्ट्रास नाव, ध्वज, चलन, राष्ट्रीय प्राणी व ब्रीदवाक्य देतो. त्यानंतर त्याच्यापुढे एकेक ‘प्रश्न’ येतो. प्रत्येक प्रश्नास दोन किंवा अधिक पर्याय असतात, आणि प्रत्येक पर्याय एखाद्या काल्पनिक नागरिकाच्या, उद्योजकाच्या वा अधिकाऱ्याच्या तोंडी घातलेला असतो. खेळाडूने एक पर्याय निवडावयाचा किंवा प्रश्न निकालात काढावयाचा. निवडीचा परिणाम नागरी हक्क, अर्थव्यवस्था व राजकीय स्वातंत्र्य या तीन मापांवर होतो आणि त्यांवरून राष्ट्राचे वर्गीकरण ठरते. आरंभी बॅरी यांनी स्वतः लिहिलेले मोजके प्रश्न होते; पुढे खेळाडूंनी लिहिलेले प्रश्न स्वीकारले जाऊ लागले व ही संख्या हजारावर गेली.

या रचनेचे सामर्थ्य असे की, रयत येथे बोलते. ती विक्षिप्त, स्वार्थी, अतिशयोक्त असेल. परंतु निर्णयापूर्वी खेळाडूस तिचे म्हणणे वाचावेच लागते. शिवाय बहुतेक पर्यायांत काहीतरी खटकणारे असते. संपूर्ण समाधान देणारा पर्याय सहसा मिळत नाही, आणि निवडलेल्या पर्यायाचा उपरोधिक परिणाम राष्ट्राच्या वर्णनात एका वाक्याने नोंदला जातो. उदार हेतूने घेतलेल्या निर्णयाचेही हसे होऊ शकते. राज्य अंगावर येते, या अर्थाच्या सर्वांत निकट जाणारा हा ब्राउझर-खेळ होय.

तथापि, या सामर्थ्यातच त्याची उणीव दडलेली आहे. पर्याय निवडला की निर्णय तत्काळ अमलात येतो. खजिना अपुरा पडत नाही, कर्मचारी टाळाटाळ करीत नाहीत, विरोधी पक्ष सभात्याग करीत नाही, निवडणूक हरता येत नाही. लोकसंख्या काळाबरोबर आपोआप वाढत राहते. कोणत्याही धोरणामुळे राज्य जात नाही. राष्ट्र लोप पावते ते केवळ खेळाडू दीर्घकाळ फिरकला नाही तर. ‘हमुराबी’तील मुक्या संख्येला जो अधिकार होता तो ‘नेशनस्टेट्स’मधील बोलक्या नागरिकाला नाही. तो गाऱ्हाणे घालतो, परंतु त्या गाऱ्हाण्याला वजन नाही. शिवाय हे गाऱ्हाणे इंग्रजी भाषक समाजाच्या अनुभवातून आलेले असते. पावसाची वाट पाहणारे, वाटणीच्या जमिनीत अडकलेले किंवा मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर एकेकाळी चाललेले घर त्यात क्वचितच ओळखीचे वाटेल.

या खेळात युद्धाचा नियम नाही. तरीही राजकारण निर्माण झाले, आणि ते नियमांच्या फटीतून. राष्ट्रे ‘प्रदेशां’त राहतात व परस्परांच्या पाठिंब्याने प्रदेशाचा प्रतिनिधी निवडतात. २००३ मध्ये ‘पॅसिफिक’ या मोठ्या प्रदेशाचे प्रतिनिधिपद एका खेळाडूने हस्तगत केले आणि तेथे ‘न्यू पॅसिफिक ऑर्डर’ ही राजवट स्थापन झाली. खेळातील जागतिक संघटनेचे मूळ नाव ‘संयुक्त राष्ट्रे’ असे होते. २००८ मध्ये खऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाने नावाच्या वापरास हरकत घेतल्यावर ते बदलून ‘वर्ल्ड असेंब्ली’ करण्यात आले. २०१८ मध्ये तर राष्ट्रांचे संग्राह्य पत्ते खेळात आले. प्रत्येक राष्ट्र एक पत्ता झाले, त्याची दुर्मिळता ठरली, त्याचा बाजार भरू लागला. ज्या खेळाने प्रश्न विचारण्यापासून आरंभ केला त्यालाही राष्ट्र ही जवळ बाळगण्याची वस्तू आहे, या कल्पनेचा मोह टाळता आला नाही.

५. ‘सायबर नेशन्स’ व ‘ई-रिपब्लिक’ : मधला टप्पा

२००६ च्या आरंभी सुरू झालेल्या ‘सायबर नेशन्स’मध्ये प्रश्नाची जागा हिशेबाने घेतली. खेळाडू कर गोळा करतो, देणी भागवितो, पायाभूत सुविधा, जमीन व तंत्रज्ञान विकत घेतो. शासनप्रकार व धर्म यांची निवड असते, नागरिकांना काय हवे आहे हेही सांगितले जाते; परंतु त्यांच्या संतोषाचे महत्त्व कराच्या उत्पन्नापुरते. नागरिक बोलत नाही, तो भरणा करतो.

मात्र येथे दुसरे राष्ट्र खरोखरच दुसऱ्या माणसाचे असते आणि ते आक्रमण करू शकते. त्यामुळे युत्या अपरिहार्य झाल्या. या युत्यांच्या सनदा, परस्पर-संरक्षणाचे तह, राजदूत, अंतर्गत निवडणुका व तहभंगाचे आरोप हा सर्व व्यवहार खेळाच्या नियमांत नव्हता. तो खेळाडूंनी स्वतः उभारला. ‘नेशनस्टेट्स’मधील ‘न्यू पॅसिफिक ऑर्डर’ येथेही आली व बलाढ्य युती ठरली. खेळ बदलला तरी संस्था टिकते, नियम बदलले तरी निष्ठा टिकतात, हे यातून दिसून येते. राज्यशास्त्राच्या अभ्यासकास या टप्प्यात पाहण्यासारखे सर्वाधिक आहे. कायद्याचा आधार नसता शब्द का पाळला जातो आणि केव्हा मोडला जातो, याची ती एक प्रयोगशाळाच होती.

२००८ मध्ये रुमानियातील जॉर्ज लेमनारू व उद्योजक अॅलेक्सिस बोंत यांनी लोकांसमोर आणलेल्या ‘ई-रिपब्लिक’ची दिशा वेगळी. तेथे खेळाडू राष्ट्रप्रमुख म्हणून नव्हे, तर नागरिक म्हणून जन्म घेतो. तो काम करतो, मजुरी घेतो, वृत्तपत्र काढतो, पक्षात जातो, मतदान करतो. राष्ट्रे खऱ्या जगाच्या नकाशावरील असतात. भारतही त्यांत आहे. राज्य मिळवावयाचे तर मते मिळवावी लागतात. रयतेपासून आरंभ करणारा हा खेळ प्रस्तुत निकषावर सर्वांत सरस ठरावयास हवा होता. परंतु काम करणे म्हणजे दिवसातून एकदा कळ दाबणे. प्रत्यक्ष पैसे मोजून सोने घेणाऱ्या नागरिकाचे बळ वेगळे. आणि लहान देशांच्या निवडणुका परक्या खेळाडूंनी संघटितपणे येऊन ताब्यात घेण्याचे प्रकार नित्याचे झाले. येथे रयतेला मत आहे. परंतु त्या मताला गाव नाही. जेथे राहणे म्हणजे केवळ नोंद बदलणे, तेथे मतदाराचे हितसंबंध रुजत नाहीत.

६. ‘पॉलिटिक्स अँड वॉर’ : गलबत आहे, झाड नाही

२०१४ मध्ये आलेला ‘पॉलिटिक्स अँड वॉर’ हा खेळ ‘सायबर नेशन्स’च्या परंपरेतील असला, तरी रचनेच्या दृष्टीने कितीतरी सुघड आहे. राष्ट्रात शहरे असतात. प्रत्येक शहरात पायाभूत सुविधांच्या प्रमाणात वास्तू उभारता येतात. त्यांत खाणी, कारखाने, वीजकेंद्रे, पोलीस ठाणी, रुग्णालये असतात. कोळसा, लोखंड, बॉक्साइट, तेल यांचे उत्पादन होते. त्यांपासून पोलाद व अॅल्युमिनियम तयार होते. खुल्या बाजारात भाव खेळाडूंच्या मागणी-पुरवठ्यावर ठरतात. दर दोन तासांनी खेळाचे एक आवर्तन होते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास बाजारभावाची घडण समजावून देण्यास याहून चांगले साधन सहजासहजी मिळणार नाही.

या खेळात प्रदूषण आहे, रोगराई आहे, गुन्हेगारी आहे. अण्वस्त्रांच्या वापराने किरणोत्सर्ग वाढून अन्नोत्पादन घटते, म्हणजे एकाच्या निर्णयाची झळ इतरांना पोहोचते, हेही नियमांत आहे. ही त्याची जमेची बाजू होय. ख्रिस क्रॉफर्ड यांच्या ‘बॅलन्स ऑफ पॉवर’ (१९८५) या संगणकीय खेळात मात्र अणुयुद्ध झाले की दोन्ही पक्ष हरत व खेळ तेथेच संपे. येथे अण्वस्त्र हे शस्त्रसूचीतील एक महाग शस्त्र आहे, आणि त्याच्या वापरानंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा हिशेब मांडता येतो.

मूळ प्रश्न रयतेचा आहे. या खेळात शहराची मूळ लोकसंख्या पायाभूत सुविधांच्या आकड्याच्या शंभरपट धरली जाते. रोगराई व गुन्हेगारी यांनी ती घटते. याचा अर्थ असा की, सुविधा विकत घेतल्या की माणसे उत्पन्न होतात, आणि युद्धात सुविधा नष्ट झाल्या की माणसे नाहीशी होतात. ती कोठे जात नाहीत, कोणी त्यांचा शोक करीत नाही. माणसांसाठी रस्ता, हा क्रम येथे रस्त्यापाठोपाठ माणसे असा उलटा झाला आहे. युद्धनौका बांधण्यास पैसा व पोलाद लागते. ते पोलाद ज्या लोखंडापासून झाले त्याची खाण कोणाच्या शेतात खणली, हा प्रश्न विचारण्यास नियमांत जागाच नाही. ‘आज्ञापत्रा’चा कर्ता आरमाराचे मोल कमी लेखीत नव्हता. तरीही त्याने गलबताबरोबर आंब्याच्या झाडाचा धनी मांडला. नव्या राष्ट्र-खेळात गलबत पूर्वीपेक्षा अधिक रेखीव झाले. धनी मात्र हरवला.

७. मालवणच्या मासळीची कसोटी

मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता जेथे फुटतो त्या कसालच्या परिसरातील वाचकास पर्ससीन व पारंपरिक मच्छीमार यांच्यातील वाद नव्याने सांगावयास नको. रापणकर व लहान होडीवाले एकीकडे, यांत्रिक नौका व पर्ससीन जाळी दुसरीकडे. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीन मासेमारीवर हंगाम, क्षेत्र व परवाने यांबाबत निर्बंध घातले. पुढे २०२१ मध्ये १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमात दुरुस्ती करून दंडाच्या तरतुदी कडक करण्यात आल्या. केवळ आदेश काढून काम भागले नाही, हे या दुरुस्तीवरूनच स्पष्ट होते. समजा, हा वाद वरील खेळांपुढे ठेवला, तर काय होईल?

‘नेशनस्टेट्स’मध्ये त्याचा एक उत्तम प्रश्न होईल. रापणकर बोलेल, नौकामालक बोलेल, खलाशी बोलेल, मत्स्यशास्त्रज्ञ बोलेल. पर्यटकांसाठी ताटात सुरमई हवी असणारा खाणावळवालाही बोलेल. खेळाडू थबकेल. परंतु त्याने कळ दाबली की वाद मिटेल. गस्तीनौका किती आहेत, डिझेलचा खर्च कोण करणार, पकडलेल्या जाळ्याचा निवाडा किती महिन्यांनी होणार, हे त्यास कधीच कळणार नाही. ‘सायबर नेशन्स’च्या संसाधनांच्या यादीत मासळी आहे, तिच्यामुळे लोकसंख्या वाढते. मासळी आहे, मच्छीमार नाही. ‘पॉलिटिक्स अँड वॉर’मध्ये मासळीही नाही. तेथे ‘अन्न’ आहे, ते शेतीतून येते. आणि समुद्र आहे तो नौदलाच्या लढाईसाठी व शत्रूची नाकेबंदी करण्यासाठी. ज्या समुद्रावर पिढ्यान्‌पिढ्यांचा चरितार्थ चालतो तो समुद्र या क्रमाने आधी वाद, मग वाढीव टक्का आणि शेवटी रणांगण होतो.

खेळाने वास्तवातील प्रत्येक बाब सामावून घ्यावी, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. गंजिफात शेतकऱ्याचे पान नाही म्हणून गंजिफा सदोष ठरत नाही. परंतु गंजिफा स्वतःस राष्ट्राचे प्रतिरूप म्हणवीत नाही. जो खेळ तसा दावा करतो, त्याने काय वगळले हे पाहणे समीक्षेचे कर्तव्य ठरते.

८. रयतेचे पुनरागमन

येथवरच्या विवेचनावरून जुना खेळ श्रेष्ठ व नवा कनिष्ठ असा निष्कर्ष काढला, तर तो घाईचा ठरेल. नव्या खेळात रयत नियमांतून गेली. परंतु ती दुसऱ्या दाराने परत आली आहे, आणि यावेळी ती काल्पनिक नाही.

‘पॉलिटिक्स अँड वॉर’मध्ये युतीला स्वतःची पेढी असते व सदस्य-राष्ट्रांच्या उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार असतो, तो कर शंभर टक्क्यांपर्यंतही नेता येतो. युतीने पुकारलेल्या युद्धात सदस्याने उतरावे अशी अपेक्षा असते. जो कोणत्याही युतीत नाही, जो नवखा आहे किंवा काही दिवस फिरकला नाही, त्याचे राष्ट्र लुटीसाठी मोकळे समजले जाते. नव्या खेळाडूस ‘राष्ट्रप्रमुख’ अशी पदवी मिळते. प्रत्यक्षात त्याची अवस्था बलाढ्य सरदारांच्या मुलखात सापडलेल्या रयतेसारखी असते. कर द्या आणि संरक्षण घ्या, अन्यथा लुटले जा. जी युती नवख्यांना उसनवार देते, शिकविते, त्यांचे ऐकते ती टिकते. जी केवळ वसूल करते तिचे सदस्य निघून जातात. जुलमी अंमलदारास कंटाळून रयत गाव सोडून ‘परागंदा’ होई, असे उल्लेख मराठी कागदपत्रांत वारंवार येतात. नव्या खेळातील सदस्याचे युती सोडणे हे त्याच जातीचे आहे.

म्हणजे जुन्या खेळात रयत लिहिलेली आहे, पण ती राज्य घालवू शकत नाही. नव्या खेळात रयत लिहिलेली नाही, पण ती उठून जाऊ शकते. पहिल्यात सहानुभूती आहे व परिणाम नाही; दुसऱ्यात परिणाम आहे व सहानुभूती शिकविण्याची सोय नाही. ‘आज्ञापत्रा’त मात्र या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यरचनेत सांधल्या आहेत. झाड तोडले तर धन्यास दुःख होईल, आणि दुसऱ्यास पीडा देऊन केलेले कार्य टिकणार नाही. दया आणि राजनीती तेथे वेगळ्या पडत नाहीत. ब्राउझरमधील राष्ट्र-खेळांच्या दोन पिढ्यांनी हे एकत्र असलेले सत्य आपापसांत वाटून घेतले, आणि त्यामुळे दोन्ही अपुऱ्या राहिल्या.

या मांडणीवर एक आक्षेप संभवतो. खेळाडू केव्हाही खेळ बंद करू शकतो. तेव्हा त्यास रयत म्हणणे ही अतिशयोक्ती नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. वर्षभर जोपासलेले आभासी राष्ट्र लुटले गेल्याचा मनस्ताप व घर बुडाल्याचे दुःख यांत अंतर आहे, आणि ते पुसून टाकू नये. परंतु सत्ताधाऱ्याच्या बाजूने पाहिले असता साम्य उरतेच. समोरचा दुबळा आहे, हे जाणून त्याच्याशी कसे वागावयाचे, हा निर्णय लुटणारा खेळाडू खरोखरच घेत असतो. राष्ट्र आभासी असले, तरी ती वागणूक आभासी नसते.

९. समारोप

प्रस्तुत विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, राष्ट्र-खेळांचा २००२ ते २०१४ या काळातील प्रवास प्रश्नाकडून हिशेबाकडे व नागरिकाकडून संसाधनाकडे झाला. दोन, याच प्रवासात खेळाडूंमधील प्रत्यक्ष राजकारण मात्र अधिक सखोल झाले. तीन, या खेळांचा अध्यापनात वापर करावयाचा, तर कोणताही एक खेळ पुरेसा नाही. युती, तह, बाजारभाव व सामूहिक सुरक्षा समजावून देण्यास नवे खेळ उपयुक्त आहेत; निर्णयापूर्वी ऐकून घेण्याची सवय लावण्यास जुना खेळ उपयुक्त आहे.

महाविद्यालयीन स्तरावर एक साधा प्रयोग करण्याजोगा आहे. विद्यार्थ्यांना ‘नेशनस्टेट्स’ खेळावयास सांगण्याऐवजी त्या पद्धतीचा एक प्रश्न मराठीत लिहावयास सांगावे. तो पर्ससीनचा असावा, महामार्गासाठी गेलेल्या जमिनीचा असावा, किंवा गावातील नळयोजनेचा असावा. किमान चार माणसे त्यात बोलली पाहिजेत, आणि लिहिणाऱ्यास न पटणाऱ्या माणसाचे म्हणणेही खरे वाटले पाहिजे. त्यानंतर प्रत्येक पर्यायाखाली तीन ओळी लिहाव्या : पैसा कोठून येईल, अंमल कोण करील, आणि कोणाच्या परसातील झाड जाईल. पहिला भाग जुन्या खेळाचा आहे. दुसरा भाग दोन्ही खेळांनी सोडून दिलेला आहे. या तीन ओळी लिहिताना विद्यार्थ्यास ग्रामपंचायतीत, मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात किंवा बंदरावर जाऊन विचारणा करावी लागेल, आणि हाच त्या प्रयोगाचा खरा लाभ होय.

लपंडाव खेळणारे मूल डोळे मिटून शंभरपर्यंत मोजते तेव्हा त्यास पुरते ठाऊक असते की राज्य आपल्यावर आले आहे. राष्ट्र-खेळ खेळणाऱ्या तरुणास ते आपल्याला मिळाले आहे, असे वाटते. शंभर मोजून झाल्यावर त्या मुलाला डोळे उघडून इतरांना शोधावयास निघावे लागते. राष्ट्र चालविणाऱ्यास, आभासी असो वा खरे, नेमके तेच करावे लागते.